शेजारच्या अंगणातून आलेली हाक

सप्टेंबरमध्ये आम्ही वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. भारत आणि त्रिनिदादच्या वेळेत साडेनऊ तासांचा फरक, त्यामुळे पहाटे तीनपासून मी टक्क जागी, शेवटी उठले, चहा केला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. उजाडत होतं, मागे हिरवेगार डोंगर, समोर पत्र्याची छपरं, आणि शेजारच्या अंगणातून एका लहान मुलाने हाक मारली, "आजीऽऽ!"

मी कप ओट्यावर ठेवला आणि तशीच कुंपणापर्यंत गेले. पलीकडे ऐंशीच्या पुढच्या एक बाई, फुलाफुलांचा गाऊन, तुळशीला पाणी घालत होत्या, बाजूला बांबूवर लाल-पिवळे झेंडे. मी चक्क मराठीतच विचारलं, "तुम्ही कुठल्या?" त्या हसल्या आणि इथल्या गाण्यासारख्या हेल काढलेल्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, आधी गुड मॉर्निंग म्हण बेटा, मग काय ते विचार.

नंतर कळलं की हा या शहराचा पहिला नियम आहे. दुकानात शिरलात, दवाखान्यात जाऊन बसलात, टॅक्सीत चढलात, आधी गुड मॉर्निंग, आणि ते एकट्या दुकानदाराला नाही तर तिथे असलेल्या सगळ्यांना, आणि सगळे उत्तर देतात. मी सुरुवातीला आपल्याकडच्यासारखं सरळ "अर्धा किलो टोमॅटो द्या" करायचे तर समोरचा माणूस गप्प उभा राहायचा, माझं बोलणं अजून सुरूच झालेलं नाही अशा चेहऱ्याने. आणि अंधार पडल्यावर भेटले की "गुड नाइट" म्हणतात, निरोप म्हणून नाही, भेटल्याबरोबर! आठ महिन्यांत मला याची इतकी सवय झालीय की आता पुण्याला आल्यावर लिफ्टमध्ये मी सगळ्यांना गुड मॉर्निंग करणार आणि लोक बघत राहणार.

तर आजी. "आजी" हा शब्द ऐकून मला वाटलं कुणीतरी मराठी माणूस इथे येऊन राहिला असणार. तसं नाही. हा शब्द भोजपुरीतही आहे, इथे वडिलांची आई ती आजी, वडिलांचे वडील आजा, आईकडचे नाना-नानी. 30 मे 1845 ला फतेल रझाक नावाचं जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन इथे लागलं आणि मग 1917 पर्यंत जहाजं येतच राहिली, एकूण 1 लाख 40 हजारांच्या वर माणसं, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधली, काही मद्रासकडची. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते म्हणून करारावर आणलेली ही माणसं. शेजारच्या आजींचे आजा त्यातलेच. घरातून भाषा गेली, आजी स्वतः इंग्लिशच बोलतात, भजनं तेवढी पाठ आहेत. पण नात्यांची नावं आणि स्वयंपाकघरातले शब्द मात्र जागचे हलले नाहीत. तवा, बेलना, लोटा, चूल्हा. आम्ही राहतो तो भाग सेंट जेम्स, तिथल्या रस्त्यांची नावं वाचत चालले की मला दर वेळी काहीतरी होतं: कलकत्ता स्ट्रीट, दिल्ली स्ट्रीट, लखनौ, पाटणा, मद्रास, बनारस. ही सगळी नावं दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यात येतात.

जेवणाबद्दल लिहायला बसले तर हा लेख संपणार नाही, पण डबल्सबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. सकाळी रस्त्याच्या कडेला एक टेबल, त्यावर मोठा डबा, भोवती ऑफिसला जाणारे, पोलीस, शाळेची मुलं, सगळे उभ्यानेच खातायत. हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ तळलेल्या बारा (आपला वडा तोच हा बारा), त्यावर चण्याची पातळ उसळ, चिंचेची चटणी, काकडी, आणि मिरचीचा ठेचा. तुम्ही फक्त "स्लाइट" म्हणायचं, म्हणजे थोडं तिखट. मी पहिल्या दिवशी सांगलीच्या अभिमानाने भरपूर तिखट मागितलं आणि डोळ्यातून धारा लागल्या, इथली स्कॉच बॉनेट मिरची आपल्या लवंगी मिरचीपेक्षाही कडक असते हे कुणी सांगितलं नव्हतं. कागदावर मिळतं, बोटांनी खायचं, किती खाल्ले ते विकणाऱ्याच्या लक्षात असतं, पैसे शेवटी. मिसळीच्या गाडीवर उभं राहिल्यासारखं वाटतं, अगदी तसंच.

मग धालपुरी आहे, पुरणपोळीची तिखट बहीण, आत वाटलेली पिवळ्या वाटाण्याची डाळ आणि जिरं. बैगन चोखा म्हणजे भरीत, जाळावरच भाजलेलं. बोडी म्हणजे चवळीच्या शेंगा. वरणाला फोडणी देणं याला आजी "चंके" म्हणतात, डाळ चंके केली का असं विचारतात, मला आधी कळेचना, मग लसूण-जिऱ्याचा चुर्र आवाज आला आणि सगळं कळलं. कोथिंबिरीच्या जागी इथे शॅडो बेनी, लांबट कातरलेल्या कडांचं पान, वास कोथिंबिरीचाच पण दुप्पट. कैरीच्या फोडींना मीठ, मिरची, लसूण आणि हेच पान चोळून ठेवतात, त्याला चाऊ म्हणतात, आणि मला वाटतं की उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर बसून आपण जे खायचो त्याच्या जवळ याइतकं कुणीच आलेलं नाही.

आता टॅक्सी. मॅक्सी टॅक्सी म्हणजे छोट्या बस, पांढऱ्या रंगाच्या, अंगावर रंगीत पट्टा, पिवळा पट्टा म्हणजे शहर आणि पश्चिमेकडची, लाल म्हणजे पूर्वेची, हिरवा म्हणजे चगुआनास आणि सॅन फर्नांडोच्या बाजूची. शिवाय शेअर टॅक्सी, अगदी आपल्या शेअर रिक्षेसारख्या, नंबर एच अक्षराने सुरू होतो, भरली की निघते. एकदा अशाच टॅक्सीत साठी-पासष्टीचे ड्रायव्हर काका होते, त्यांनी विचारलं इंडियात कुठे, मी म्हटलं मुंबईच्या जवळ, कारण सांगली कुठे सांगणार. काकांनी स्टिअरिंगवर हात मारला. "गावस्कर!" आणि मग क्वीन्स पार्क ओव्हल येईपर्यंत ते थांबलेच नाहीत.

1971 च्या मार्चमध्ये याच ओव्हलवर गावसकरांनी पदार्पण केलं, 65 आणि नाबाद 67, आणि वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदाच कसोटीत हरवलं. त्या सामन्यात आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंचं शतक होतं. परत एप्रिलमध्ये याच मैदानावर गावसकर 124 आणि 220. चार कसोटींत 774 धावा, आणि इथल्या गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो रचलं, विचार करा, हरलेल्या संघाच्या देशाने जिंकवणाऱ्या पोरावर गाणं केलं. 1976 ला इथेच आपण 403 धावांचा पाठलाग करून जिंकलो. काका तेव्हा शाळेत होते, 71 चा सामना वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला म्हणाले. माझे बाबा हेच सगळं मला लहानपणी सांगायचे, त्यांनी ते फक्त रेडिओवर आणि पेपरात अनुभवलेलं. मी त्याच रात्री ओव्हलच्या गेटचा फोटो बाबांना पाठवला. त्यांनी उत्तरात काही लिहिलं नाही, फोनच केला, आणि बराच वेळ फक्त "मागे डोंगर दिसतात का गं?" एवढंच विचारत होते. दिसतात बाबा. सगळा नॉर्दर्न रेंज दिसतो.

सगळंच गोड आहे असं लिहिलं तर ते खोटं होईल. 2024 या एका वर्षात जेमतेम पंधरा लाखांच्या या देशात सहाशेच्या वर खून झाले, 30 डिसेंबरला आणीबाणी लागली ती एप्रिलपर्यंत होती. कर्फ्यू नव्हता, दुकानं-शाळा चालू, पण घराघराच्या खिडक्यांना जाड गज आहेत आणि अंधार पडल्यावर डाऊनटाऊनमध्ये पायी फिरू नकोस हे मला पहिल्या आठवड्यात किमान दहा जणांनी सांगितलं. नवरा पॉइंट लिसासच्या प्लांटवरून यायला उशीर झाला की मी गेटकडे कान लावून बसते. शेजारच्या आजींच्या घरी रेडिओवर बातम्या लागल्या की त्या आवाज कमी करतात, नातवापर्यंत जाऊ नये म्हणून. इथल्या लोकांना आपलं शहर फार प्रिय आहे आणि त्याचं काय होतंय याचं दुःखही आहे, दोन्ही एकाच वाक्यात बोलतात.

आणि तरीही जानेवारी उजाडला की संध्याकाळी पॅनयार्डमध्ये, म्हणजे स्टीलपॅनचा सराव चालतो त्या आवारात, जायचंच. हे मी आयुष्यभर विसरणार नाही. स्टीलपॅन म्हणजे तेलाच्या पिंपापासून केलेलं वाद्य, इथेच जन्मलेलं. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात आफ्रिकन लोकांच्या ढोलांवर बंदी आणली, मग लोक बांबू आपटून ताल धरायला लागले, मग बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, आणि मग पिंपं, त्याचा तळ ठोकून ठोकून त्यात सूर बसवले. कार्निव्हलच्या आधी पॅनोरमा ही स्पर्धा असते, 1963 पासून, मोठ्या बँडमध्ये शंभरावर वादक, आणि बहुतेकांसमोर नोटेशनचा कागद नाही, सगळं ऐकून ऐकून पाठ. दिवसभर बँकेत, बांधकामावर, शाळेत असलेली माणसं रात्री येऊन तेच आठ बार शंभर वेळा वाजवतात. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव ज्यांनी ऐकलाय त्यांना कळेल, पोटात घुमणारा आवाज, घाम, कुणीतरी सगळ्यांना पाणी देतंय, वादकांच्या आया बाजूला खुर्च्या टाकून बसल्यात. बाकीचे आम्ही नुसते उभे. याला इथे लाइम करणं म्हणतात, काही कारण नसताना एकत्र असणं. आपला कट्टा. मला तर वाटतं की जगात ज्या ज्या गावाला या गोष्टीसाठी स्वतःचा शब्द आहे तिथे मराठी माणसाने निर्धास्त राहायला जावं.

मार्च-एप्रिलमध्ये सव्हानाच्या कडेने पूई फुलतो, पिवळा आणि गुलाबी. सव्हाना म्हणजे शहराच्या मधोमध मोठं मैदान, सगळं शहर संध्याकाळी त्याच्याभोवती चालायला येतं, शहाळीवाले कोयत्याने शहाळी सोलत असतात. गुलाबी पूई म्हणजे विक्रोळीला हायवेवर फुलते ती आपली बसंतरानी, आणि ती मूळची याच बाजूची. म्हणजे त्यांची झाडं आपल्याकडे, आपली माणसं त्यांच्याकडे. असो, तिथे बाकावर बसून मला घरची खूप आठवण आली एवढंच.

परवा 30 मे, जहाज आलं त्याला 180 वर्षं झाली, इथे सुट्टी असते. आजींकडे दुपारी जेवायला पंचवीस माणसं होती. इथे रविवारी कालालू करतात, अळूची पानं, भेंडी, नारळाचं दूध, कधी खेकडा, आणि लाकडी रवीने घोटतात, अळूच्या फदफद्याची ही सख्खी मावशी. तर आजींच्या अंगणात नळाशी अळू माजलाय, काळ्या देठाचा, मी आदल्या दिवशी पानं मागून आणली आणि अळूवड्या केल्या, चिंच-गूळ घालून. त्यांच्याकडे याच पानांचा सहीना करतात, डाळीचं पीठ लावून तळलेला, पण गोड काही नसतं. आजींनी एक वडी तोंडात घातली, डोळे मिटले, आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग विचारलं, तुझ्या आजीने शिकवलं का? मी हो म्हटलं. तुमच्याकडेही आजीच म्हणतात का? हो म्हटलं.

आज सकाळी नातू कुंपणाशी आला. गुड मॉर्निंग आंटी, आजी विचारतायत गुंडाळताना पान फाटत नाही ते कसं. मी सांगितलंय, देठ काढून ठेवा, शिरा बेलन्याने चेपा, चार वाजता येते. गूळ घेऊन.