झोन सिस्टीम शिकलो, निम्मीच वापरतो

1940 च्या आसपास अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी बसवलेली झोन सिस्टीम, म्हणजे फिल्मला किती उजेड द्यायचा आणि ती किती वेळ धुवायची हे ठरवायची पद्धत, कागदावर सोपी आहे. शून्य (पूर्ण काळा) ते दहा (पूर्ण पांढरा) असे अकरा झोन, दोन झोनमध्ये एका स्टॉपचं, म्हणजे दुप्पट किंवा निम्म्या उजेडाचं अंतर, आणि उजेड मोजणारा मीटर ज्याच्यावर धराल ते पाचव्या झोनवर, म्हणजे मधल्या राखाडीवर येतं. घाम फुटतो तो चाचण्यांमध्ये.

पहिली चाचणी फिल्मच्या खऱ्या वेगाची, म्हणजे ती उजेडाला किती संवेदनशील आहे याची. एचपी5 प्लस या कृष्णधवल फिल्मचा 35 मिमी रोल घेतला. सारखा उजेड असलेली खरबरीत भिंत निवडली, फोकस अनंतावर ठेवला आणि भिंतीने पूर्ण फ्रेम भरली. मीटर 400 ला, म्हणजे डब्यावरच्या वेगाला, अॅपर्चर एफ4 आणि शटर 1/60 सांगत होता. पहिल्या झोनसाठी चार स्टॉप कमी, म्हणजे एफ16, 1/60. पुढच्या फ्रेम 320, 250, 200, 160 धरून, दर वेळी एक तृतीयांश स्टॉप जास्त. एक फ्रेम लेन्सची टोपी लावून कोरी सोडायची. ती विसरलात तर तुलना कशाशी करणार? बदल अॅपर्चरनेच करावा. जुन्या यांत्रिक शटरचे वेग एकमेकांशी जुळतीलच असं नाही. मधेच ढग आला तर रोल सरळ बाद धरावा.

मग डेव्हलपिंग: आयडी-11 डेव्हलपर 1+1 (एक भाग पाणी मिसळून), 20 अंशांना 13 मिनिटं. पहिल्या दहा सेकंदांत टाकी चारदा उलटी, मग दर मिनिटाला तेवढीच.

घनता, म्हणजे नेगेटिव्हचा काळेपणा, मोजणारा डेन्सिटोमीटर असेल तर कोऱ्या फ्रेमपेक्षा 0.10 ने जास्त घनता दाखवणारी फ्रेम शोधायची. नसेल तर कागदावर काम भागतं. एन्लार्जरची (नेगेटिव्ह कागदावर मोठं छापणाऱ्या यंत्राची) उंची न हलवता, ग्रेड 2 च्या, म्हणजे मध्यम कॉन्ट्रास्टच्या कागदावर कोऱ्या फ्रेमची टेस्ट स्ट्रिप, म्हणजे वाढत्या वेळांची पट्टी काढा. जिथून पुढे काळा आणखी काळा होत नाही ती पहिली वेळ पकडा आणि तिच्यावरच सगळ्या फ्रेम छापा. त्या काळ्यापासून जेमतेम सुटलेली पहिली फ्रेम म्हणजे आपला वेग. कागद वाळल्याशिवाय निकाल लावू नका, ओला कागद फसवतो. माझा आकडा 250 आला. डब्यावरचा आकडा ठरावीक कॉन्ट्रास्टला मोजलेला असतो. आपलं मीटर, शटर आणि टाकी हलवण्याचा हात वेगळा असतो.

दुसरी चाचणी डेव्हलपिंगच्या वेळेची. तीच भिंत 250 ला मोजून तीन स्टॉप जास्त, म्हणजे आठवा झोन. रोल अंधारात तीन तुकड्यांत कापून 13, 11 आणि 9 मिनिटं धुतला. पसरट उजेडाच्या डिफ्यूजन एन्लार्जरला कोऱ्यापेक्षा साधारण 1.25 ते 1.35 जास्त घनता हवी, भिंगांनी उजेड एकवटणाऱ्या कंडेन्सरला थोडी कमी.

एवढं झाल्यावर खरी अडचण कळते. दृश्याचा कॉन्ट्रास्ट पाहून डेव्हलपिंग कमी-जास्त करणं, म्हणजे एन-1 नि एन+1 (नेहमीपेक्षा एक झोन कमी वा जास्त), सुट्या पानांच्या शीट फिल्मवाल्याला सहज जमतं. प्रत्येक नेगेटिव्ह तो वेगळं धुतो. 36 फ्रेमच्या रोलवर ऊनही असतं आणि सावलीही. एकाला न्याय दिला की दुसरा बिघडतो. मीडियम फॉरमॅटला (35 मिमीपेक्षा मोठ्या रोलच्या कॅमेऱ्याला) फिल्म धरणारे बदलते बॅक असतील तर मधला मार्ग निघतो. कलर नेगेटिव्हला तोही नाही: तिची धुण्याची प्रक्रिया सी-41 म्हणजे 37.8 अंश आणि 3 मिनिटं 15 सेकंद, ठरलेलं. रस्त्यावर फोटो काढणाऱ्याने तर एक अंशाचा, म्हणजे छोट्याशा भागाचा उजेड मोजणारा स्पॉट मीटर डोळ्याला लावेपर्यंत माणूस निघून गेलेला असतो.

पण सावली कुठे ठेवायची, हा अर्धा भाग कृष्णधवल नेगेटिव्हवाल्या सगळ्यांच्या कामाचा. ज्या सावलीत पोत दिसायला हवा, तिच्यावर मीटर धरा आणि दोन स्टॉप बंद करा: तिसरा झोन. स्लाइडला उलटं, तिथे उजळ भाग सांभाळायचा. तो एकदा पांढरा पडला की फिल्मवर काही उरतच नाही.

35 मिमीला मी सध्या डायल 250 वर ठेवतो, वेळ 11 मिनिटं, आणि कॉन्ट्रास्टची उरलेली मारामारी छापताना कागदाचा कॉन्ट्रास्ट बदलणाऱ्या मल्टिग्रेड फिल्टरवर सोडतो.