कुंपणाच्या भिंतीवरचे मॉस

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा आमच्या कुंपणाच्या भिंतीवरचे मॉस, म्हणजे ओलाव्यात गालिच्यासारखी पसरणारी इवली हिरवी वनस्पती, बोटाने चोळले तर चुरा होईल इतके वाळलेले असते. यंदा मृगाच्या पहिल्या सरीनंतर मी भिंग घेऊन तेथे बसलो, आणि काही मिनिटांतच त्याची आवळलेली इवली पाने उलगडून हिरवी झाली.

पेशीमय रचना, पोषण, श्वसन, उत्सर्जन, वाढ, चेतनाक्षमता, प्रजनन ही सजीवांची लक्षणे आपण शाळेत पाठ करतो. पण वाळलेल्या मॉसमध्ये यांपैकी काय दिसत होते? चयापचय जवळजवळ थांबलेले होते, तरीही पेशींची रचना आणि डीएनएतील माहिती शाबूत होती, म्हणूनच पाणी मिळताच श्वसन व प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू झाले. विषाणूंजवळही आनुवंशिक माहिती असते, मात्र स्वतःची पेशी नसल्याने त्यांना दुसऱ्याच्या पेशीत शिरावे लागते. प्रजननाचा निकष एकेका जीवाला लावणे मला पटत नाही, कारण खेचर बहुधा वांझ असते, पण त्याच्या जिवंतपणाविषयी कोणालाच शंका नसते. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हे जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८५५ मध्ये मांडले.

त्या मॉसवर आता बारीक देठांच्या टोकांना बीजाणूंच्या कुप्या आल्या आहेत.