तुम्ही विचारलेत म्हणून : आठवड्याला वार हवा

टाळेबंदीच्या काळात घरात राहून तुम्ही मन प्रसन्न कसे ठेवलेत आणि दर आठवड्याला नवा उत्साह आणलात कुठून, असे मला अजूनही विचारले जाते. विचारणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थी असतात, शेजारच्या सुना असतात, आणि अलीकडे ज्यांच्या घरात एखादे माणूस आजारपणामुळे किंवा वयामुळे चार भिंतींत अडकले आहे असे लोकही असतात. प्रत्येकाला दोन वाक्यांत उत्तर देऊन समाधान होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. थोडक्यात सांगायचे तर रोज प्रसन्न राहण्याचा प्रयत्न मी केलाच नाही. आम्ही घरातल्यांनी आठवड्याचा एक वार तेवढा जपला, आणि बाकीचे सहा दिवस त्या वाराच्या आधाराने निघाले.

हे मला का सुचले, ते समजण्यासाठी मराठवाड्यातल्या गावाचा आठवडा कसा चालतो हे आठवावे लागेल. आमच्याकडे आठवडा बाजाराच्या दिवसावर उभा असतो. शेतावरच्या मजुरांचा हिशेब बाजाराच्या दिवशी होतो, तेल-मीठ-मिरची त्या दिवशी भरली जाते, विळे-खुरपी धार लावायला त्या दिवशी जातात, शेजारच्या गावी दिलेल्या लेकीचा निरोप त्या दिवशी मिळतो, आणि मुलांना शेव-मुरमुरे किंवा जिलेबी मिळण्याचा दिवसही तोच. कुणी गुरुवार म्हणत नाही, ‘बाजाराच्या दिवशी’ असे म्हणतात, आणि उरलेले दिवस बाजाराच्या आधीचे किंवा नंतरचे म्हणून ओळखले जातात. परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्यासारख्या माणसांच्या मनातही आपल्या मूळ गावचा बाजाराचा वार घट्ट बसलेला असतो.

२२ मार्च २०२० च्या रविवारी जनता संचारबंदी झाली आणि त्याच आठवड्यात, २५ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी देशभराची टाळेबंदी सुरू झाली. आठवडी बाजार बंद झाले. भाजीचा हातगाडा गल्लीत येत होता, किराणा ठरावीक वेळेत मिळत होता, म्हणजे पोटापुरते मिळण्याची सोय झाली होती. पण आठवडा मोडला. सोमवार आणि शनिवार यांत फरक उरला नाही. घरातली मुले कोणता वार आहे हे विचारू लागली आणि मोठ्यांनाही ते चटकन सांगता येईना. त्या दिवसांतल्या थकव्यावर पुष्कळ बोलले गेले. आजाराची भीती, पगाराची चिंता, दूरदर्शनवरचे आकडे ही कारणे खरीच होती, पण वार हरवणे हेही एक मोठे कारण होते असे माझे ठाम मत आहे. पुढे कशाची तरी वाट पाहायची आहे, ही गोष्टच दिवसांतून निघून गेली होती.

म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही घरात ठरवले की आपल्या गावचा बाजाराचा वार गुरुवार, तो आपण घरातच पाळायचा. माझ्या सासूबाईंनी ही कल्पना सर्वांत आधी उचलून धरली. नियम एवढाच होता की गेल्या गुरुवारी नव्हते असे काहीतरी या गुरुवारी पाहायचे, करायचे किंवा पुरे करायचे. ते मोठे असण्याची गरज नव्हती. मात्र त्याची तयारी आदल्या दोन-तीन दिवसांपासून चाललेली असावी आणि घराबाहेरच्या निदान एका माणसाला ते फोनवर सांगितले जावे, असे आम्ही पाहत होतो.

मी भूगोलाची शिक्षिका. त्यामुळे पहिली गोष्ट सुचली ती सावलीची. शाळेतली एक मीटरची काठी घरी होती. ती गच्चीवर ओळंब्याने सरळ उभी केली आणि दर गुरुवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली मोजायची असे ठरले. बाराऐवजी साडेबारा का, हा मुलांचा पहिला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर द्यायला मला फार आनंद झाला. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची आहे, परभणी त्याच्या पश्चिमेला जवळपास पावणेसहा अंशांवर आहे आणि सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटे लागतात. म्हणून आमचा खरा मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी येतो.

पहिल्या गुरुवारी सावली उत्तरेकडे वीतभराहून थोडी जास्त भरली. त्यानंतर ती दर आठवड्याला साधारण दोन बोटे कमी होत गेली. खडूची खूण केली की मागच्या आठवड्याची खूण शेजारी दिसायची, आणि त्या दोन खुणांमधली जागा पाहून घरात जो उत्साह यायचा त्याचे वर्णन मी अजूनही नीट करू शकत नाही. सगळे ठप्प झाले आहे असे चहूकडून ऐकू येत असताना आमच्या गच्चीवर एक गोष्ट नेमाने पुढे सरकत होती आणि ती कुणाच्या आदेशाने थांबणारी नव्हती. एप्रिल संपताना सावली चार बोटांवर आली. १४ मेच्या गुरुवारी ती काठीच्या बुंध्याशी जेमतेम नखाएवढी उरली, आणि दोनच दिवसांनी, १६ मेच्या दुपारी, ती काठीच्या पायाशी पूर्ण नाहीशी झाली. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो. दुसरी वेळ जुलैच्या उत्तरार्धात येते, पण तेव्हा बहुधा ढग असतात, म्हणून मे महिन्यातलीच संधी खरी. लातूरला असलेल्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीची सावली आमच्या आधी तीन-चार दिवस नाहीशी झाली होती आणि छत्रपती संभाजीनगरच्या एका विद्यार्थ्याची आमच्यानंतर तीन दिवसांनी झाली. तिघांनी आपापल्या गच्चीवरून फोनवर बोलत हे ताडून पाहिले तेव्हा मराठवाडा दक्षिणोत्तर किती पसरलेला आहे हे नकाशाशिवाय समजले. त्यापुढच्या गुरुवारी सावली पुन्हा आली, ती दक्षिणेकडे. इतकी वर्षे वर्गात शिकवलेली गोष्ट माझ्या सासूबाईंनी त्या दिवशी ओणवे होऊन, बोट लावून पाहिली.

संध्याकाळी पश्चिमेला शुक्र होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो कृत्तिकांच्या पुंजक्याला अगदी टेकला होता, आणि मे संपता संपता मावळतीच्या उजेडात बुडाला. त्यासाठी दुर्बीण लागली नाही.

दुसरी गोष्ट वाळवणाची. उन्हाळ्यात कुरडया, शेवया, पापड आमच्याकडे दरवर्षी होतातच, पण ते काम गल्लीतल्या बायका मिळून करतात. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. त्या वर्षी प्रत्येकीला आपापल्या गच्चीवर एकटीने करावे लागले. कुरडयांचे काम तर मुळातच आठवड्याला धरून चालणारे आहे. रविवारी गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, बुधवारी वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, वरचे पाणी ओतून टाकायचे आणि गुरुवारी पहाटे, ऊन चढण्याआधी, चीक शिजवून सोऱ्याने कुरडया घालायच्या. म्हणजे गुरुवारचा आनंद रविवारीच पाण्यात पडत असे. चीक शिजला की मुलांना वाटीभर गरम चीक दूध-गूळ घालून मिळायचा आणि त्यासाठी ती हाक न मारता पहाटे उठायची. एका गुरुवारी कुरडया, पुढच्या गुरुवारी ज्वारीचे पापड, त्यापुढे वर्षाचा येसर, म्हणजे आमटीत घालायचे भाजणीचे पीठ, भाजणे. शेजारच्या गच्चीवरच्या काकूंशी अंतर राखून बोलणे होत होते आणि कुणाचा चीक पातळ झाला, कुणाचा घट्ट, याची चर्चा आकड्यांच्या बातम्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ चालत असे. दूरदर्शनवरच्या बातम्या आम्ही संध्याकाळी एकदाच पाहत होतो. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या येत होत्या. जाते घरातून गेल्यामुळे ओव्याही तोंडातून गेल्या होत्या. जनाबाईंचे गंगाखेड आमच्याच जिल्ह्यात आहे आणि दळता-कांडता विठ्ठलाला हाक मारण्याची परंपरा इथल्या बायकांना नवी नाही. तरीही माझ्या घरातल्या ओव्या मी तोपर्यंत कधी लिहून घेतल्या नव्हत्या, कारण घाईत असलेल्या सुनेला सासूच्या ओव्या ऐकायला सवड नसते. दर गुरुवारी दुपारी त्या आठवतील तेवढ्या ओव्या म्हणत आणि माझी मुलगी वहीत उतरवून घेई. नुसते बसून त्यांना आठवत नसे. मग त्यांनी एक युक्ती काढली: सुपात धान्य घेऊन निवडायला बसायचे. हात चालू लागले की ओवी येत असे. भावावरची, माहेरच्या वाटेवरची, पंढरीची. १ जुलैला आषाढी एकादशी आली, पायी वारी त्या वर्षी नव्हती आणि मानाच्या पालख्या बसने पंढरपूरला गेल्या. त्या आठवड्यात त्यांना पंढरीच्या ओव्या एकामागून एक आठवत गेल्या आणि वहीची पाने भरली. ती वही आज आमच्या घरात आहे. टाळेबंदीतून मला काय मिळाले असे कुणी विचारले तर मी ती वही काढून दाखवते.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण ती न लिहिता वरचे सगळे लिहिणे बरोबर होणार नाही. ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून रुळांच्या कडेने गावाकडे पायी निघालेले आणि थकून रुळांवरच झोपलेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली मरण पावले. बीड जिल्ह्यातली ऊसतोड मजुरांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या परिसरात अडकून पडली होती आणि एप्रिलच्या उत्तरार्धात त्यांची परत येण्याची सोय सुरू झाली. अशा आठवड्यांत सावली मोजून उत्साह येत नाही, आणि तो आणूही नये. ८ मेनंतरच्या गुरुवारी आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून वाटसरूंना जेवण देणाऱ्या मुलांकडे पोहोचवली. पुढेही काही गुरुवार त्यालाच दिले. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा ओळखीच्या घरांतली माणसे गेली. तेव्हा गुरुवारचे काम एवढेच होते की ज्या घरात दुःख झाले आहे त्या घरी फोन करायचा आणि समोरचे माणूस बोलेल तितका वेळ ऐकायचे. ‘सकारात्मक राहा’ असे आम्ही कुणालाही सांगितले नाही. ज्याच्या घरातून माणूस गेले आहे त्याला असे सांगणे हा अन्याय आहे, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते. वार मात्र आम्ही मोडला नाही. आनंदाचे काम नसले तरी त्या दिवशी करायचे काम असायचे.

हे सगळे आमच्या घराला सुचलेले असले तरी यात अगदी नवे काही नाही. उदासीनतेच्या उपचारांत मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला आठवड्याचे वेळापत्रक करायला लावतात आणि त्यात जमतील अशी छोटी कामे आधीच लिहून ठेवायला सांगतात, कारण मन लागेपर्यंत थांबले तर काम सुरूच होत नाही. आधी काम सुरू झाले की मन हळूहळू त्यात येते. सासूबाईंचे सूप हेच सांगत होते. मात्र ज्याची झोप आणि भूक दोन-दोन आठवडे उडाली आहे, ज्याला कशातच गोडी वाटत नाही, त्याने डॉक्टरांकडे गेले पाहिजे. गुरुवार पाळणे हा त्यावरचा उपचार नाही.

गेल्या काही दिवसांत हा प्रश्न मला एका आईने विचारला. त्यांची मुलगी वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी लातूरला खोली घेऊन राहते. टाळेबंदी संपून वर्षे झाली, पण त्या मुलीचा दिवस वर्ग, खोली आणि खानावळ एवढ्यातच जातो, आणि फोनवरचा तिचा आवाज आईला उतरलेला वाटतो. मी त्यांना म्हटले की तुमच्या मुलीच्या आठवड्याला वार आहे, पण तो सराव परीक्षेचा आहे. तिला एक दुसरा वार द्या, ज्या दिवशी तिला कुणी गुण देणार नाही. त्यांनी बुधवार निवडला. रात्री जेवणानंतर मुलीने गच्चीवर जाऊन चंद्र किती आहे, आहे की नाही, हे पाहायचे, आईने जिंतूरहून पाहायचे आणि दोघींनी एकमेकींना सांगायचे. आठवड्यागणिक चंद्र साधारण पाव फेरी पुढे गेलेला असतो, म्हणून प्रत्येक बुधवारी तो वेगळा दिसतो किंवा दिसतच नाही. पहिले दोन बुधवार मुलीला जमले नाही, अभ्यास राहिला होता, म्हणून आईंनी काळजीने मला पुन्हा फोन केला. मी सांगितले, ताई, तिसरा बुधवार ठेवाच. पण या वेळी आठवण तुम्ही करू नका, काय पाहायचे ते तिला ठरवू द्या आणि तिने तुम्हाला फोन करायचा असे तिच्यावरच सोपवा.