तुम्ही विचारलंत म्हणून: वाफ आली, मग मरणं का थांबली नाहीत?

जुन्या वाफेच्या मासेमारी ट्रॉलरांवर मी कुठेही बोललो की शेवटी एक हात वर होतोच. "शिडाच्या बोटी वाऱ्याच्या तावडीत असायच्या, ते समजलं. पण इंजिन आल्यावर तरी मरणं कमी झाली असतील ना?" विचारणारा बहुतेक वेळा इंजिनीअर असतो, नाहीतर इंजिनीअरचा बाप. माझीही सगळी नोकरी बोटींच्या इंजिनरूममध्ये गेली, त्यामुळे प्रश्न ऐकून बरं वाटतं आणि उत्तर देताना अवघडायला होतं. सभा उठायच्या घाईत ते नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहून टाकतो.

माझं मत असं आहे की वाफेनं बोटीला वाऱ्यापासून सोडवलं, पण खलाशाला मिळणारी वाऱ्याची सुट्टी काढून घेतली.

ट्रॉल म्हणजे समुद्राच्या तळाशी ओढत न्यायचं पिशवीसारखं जाळं. ते ओढायला जोर लागतो. शिडाच्या काळात तो जोर वाऱ्याचा. वारा पडला की जाळं तळाशी नुसतं पडून राहणार, फार झाला तर टाकताच येणार नाही. मालक कितीही तापट असला तरी पडलेल्या वाऱ्याशी त्याला हुज्जत घालता येत नसे. माणसं त्या वेळात जाळी सांधायची, झोपायची. शिडाचा काळ सुखाचा होता असं कृपा करून समजू नका. मार्च १८८३ च्या एका वादळात इंग्लंडच्या हल बंदरातल्या कितीतरी बोटी परतल्याच नाहीत. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच बंदरातल्या एका कप्तानाला, बोटीवर शिकाऊ म्हणून घेतलेल्या पोराचा छळ करून खून केल्याबद्दल फाशी झाली होती. अनाथालयांतली, गरीबखान्यांतली पोरं कराराने बांधून घ्यायची आणि ती पळाली की तुरुंगात घालायची, असा तो काळ.

वाफेची सुरुवात मात्र गमतीची आहे. इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीत शिडाची जहाजं ओढून नेणाऱ्या वाफेच्या टग होत्या, दोन्ही बाजूंना चाकं असलेल्या. मोठी जहाजंच वाफेवर चालायला लागली, तसं टगवाल्यांचं काम आटलं. १८७७ मध्ये विल्यम पर्डी नावाच्या माणसानं आपल्या 'मेसेंजर' टगच्या मागे ट्रॉल बांधलं आणि तो मासे मारायला निघाला. धक्क्यावरचे लोक हसले. पैसे दिसल्यावर त्याच लोकांनी आपापल्या टगना जाळी बांधली. पुढे १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला हलसारख्याच ग्रिम्सबी या इंग्लंडच्या मासेमारी बंदरातल्या कंपनीसाठी 'झोडिअ‍ॅक' हा खास मासेमारीसाठी बांधलेला वाफेचा ट्रॉलर आला. १८९० च्या दशकात जाळ्याचं तोंड उघडं ठेवणारा लांबलचक लाकडी दांडा गेला आणि त्याच्या जागी दोन फळ्या आल्या. पाण्यातून ओढताना या फळ्या पतंगासारख्या बाजूंना ताणल्या जातात आणि जाळं जबडा वासून चालतं. इंजिनाचा खरा उपयोग इथून पुढे झाला.

आता डेकवर चला.

या ट्रॉलरचं जाळं मागून नाही, एका बाजूनं टाकायचे आणि त्याच बाजूनं ओढायचे. जाळं आत घेताना बोट थांबवून आडवी करावी लागे, आणि जाळ्याची बाजू वाऱ्याकडे ठेवावी लागे. नाहीतर बोट वाहत जाऊन आपल्याच जाळ्यावर चढणार आणि बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात जाळं अडकणार. म्हणजे लाट ज्या बाजूनं येते तिकडेच माणसं उभी. शिवाय जाळं हातानं आत ओढता यावं म्हणून मध्यावर कठडा मुद्दाम बुटका ठेवलेला. जहाज बांधणाऱ्याच्या दृष्टीनं आखणी अगदी बरोबर आहे. मी तो नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा डोक्यात आलं ते एवढंच, की लाटेला यायला दार आधीच उघडून ठेवलंय.

वायर गुंडाळणारा विंच गरगरतोय, जाळ्याची पोलादी वायर करकरत येतेय. ताणलेली वायर तुटली की काय होतं ते बंदरात बोट धक्क्याला बांधताना मी पाहिलंय. आवाज कानावर येईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. मग लोखंड ठोकलेल्या त्या जड फळ्या कठड्याजवळच्या लोखंडी कमानीला येऊन लटकतात, बोटीच्या प्रत्येक झोक्याबरोबर आपटतात. हाताची बोटं तिथे जायची. शेवटी जाळ्याची भरलेली पिशवी डेकच्या वर लोंबकळत येते. एक माणूस वाकून तिच्या खाली शिरतो, बुडाची गाठ हिसकतो आणि उडी मारून बाजूला होतो. कॉड, हॅडॉक, लेपासारखे चपटे प्लेस, दगड, चिखल, सगळं धबाधबा डेकवर. जाळं परत पाण्यात जातं आणि मग साफसफाई सुरू होते. गुडघाभर माशांत उभं राहून, बर्फासारख्या पाण्यात हात घालून एकेक मासा चिरायचा, आतडं काढायचं, धुवायचा, खाली बर्फात रचायला द्यायचा. तेलकापडाच्या बाहीच्या कडेनं मनगटं घासून खाऱ्या पाण्याचे फोड यायचे. मासे चिरून होईपर्यंत पुढचं जाळं वर यायची वेळ झालेली असायची. इंजिन थकत नाही, त्यामुळे जाळं दिवसरात्र वर येत राहणार. मासा भरपूर लागला तर झोप नाही, हा सरळ हिशोब.

आम्हा इंजिनवाल्यांचं त्या मानानं बरं होतं, निदान पाळी तरी होती. कोळसा ओढणाऱ्याचं मात्र नाही. लांबच्या सफरीला कोळसा मासे ठेवायच्या जागेतही भरलेला असे. तो आधी उपसून इंजिनाकडे न्यायचा, मग ती जागा धुवून मासे भरायचे.

उत्तर समुद्रात हलच्या कंपन्यांनी आणखी एक पद्धत चालवली होती. चाळीस-पन्नास ट्रॉलरांचा ताफा कित्येक आठवडे समुद्रातच राहायचा आणि रोजचा मासा पेट्यांत भरून एका वेगवान वाहक बोटीवर चढवायचा. ती सुटायची थेट लंडनच्या बिलिंग्जगेट बाजाराकडे. पेट्या नेणार कशा? वल्ह्यांच्या छोट्या होडीतून. भर समुद्रात, थंडीत, मांड्यांपर्यंतचे जड बूट घातलेली दोन-तीन माणसं होडीत उभी राहून लाटेच्या माथ्यावर पेटी वर फेकायची. होडी उलटली की ते बूट माणसाला सरळ तळाशी नेत. यात वादळ नाही, बोट बुडाली नाही, म्हणून पेपरात मोठी बातमीही नाही. एक माणूस गेला, एवढंच. बुडालेल्या जहाजांच्या याद्या चाळणाऱ्यांना हा मृत्यू दिसत नाही, आणि माझं या याद्यांच्या वेडाशी भांडण आहे ते इथेच. हलची अशी शेवटची ताफेगिरी १९३६ पर्यंत चालू होती.

अशाच एका ताफ्यावर, 'गेमकॉक' ताफ्यावर, २१ ऑक्टोबर १९०४ च्या रात्री डॉगर बँक या उत्तर समुद्रातल्या उथळ भागात रशियाच्या आरमारानं तोफा डागल्या. जपानशी लढायला अर्ध्या जगाला वळसा घालून निघालेल्या त्या नौदलाला हे ट्रॉलर जपानी टॉर्पेडो बोटी वाटले. उत्तर समुद्रात! सर्चलाइटच्या झोतात खलाशांनी हातातले मासे वर धरून दाखवले, की बाबांनो, आम्ही मासेवाले. 'क्रेन' हा ट्रॉलर बुडाला. त्याचा कप्तान जॉर्ज स्मिथ आणि विल्यम लेगेट जागीच ठार झाले, दुसऱ्या एका ट्रॉलरचा कप्तान पुढे काही महिन्यांनी वारला. पॅरिसला आंतरराष्ट्रीय आयोग बसला, रशियानं ६६,००० पौंड भरपाई दिली. हलच्या हेसल रोडवर हात उंचावलेल्या स्मिथचा पुतळा १९०६ पासून उभा आहे. माझी बोट हलजवळ हंबर नदीत लागली होती तेव्हा बस पकडून तो बघून आलो. होडीतून पेट्या चढवताना गेलेल्यांचा पुतळा कुठे आहे, असं बसस्टॉपवर एका म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तेवढी जागा कुठे आहे?"

"मग जायचेच कशाला?" हा त्याला लागूनच येणारा प्रश्न. धाडस, समुद्राची ओढ वगैरे मला फारसं पटत नाही. मी तरी हिशोबाकडे बघतो. कप्तान आणि त्याच्या हाताखालचा मेट यांना पगार नसे, आपल्याकडे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या रापणीत असतो तसा वाटा असे. कोळसा, बर्फ, बंदराचे पैसे वजा जाता जे उरेल त्यातला. सफर वाया गेली तर वाटा उणे, म्हणजे तीन आठवडे मरमर करून घरी यायचं ते मालकाचं देणं घेऊन. ते फेडायला पुढची सफर. खालच्या माणसांना आठवड्याचा पगार आणि वर विक्रीवर थोडे पैसे. १९०१ मध्ये ग्रिम्सबीच्या मालकांनी हा पगार कापून वाट्याचा भाग वाढवायचा घाट घातला, तेव्हा टाळेबंदी झाली, दंगल झाली आणि मालक संघटनेच्या कचेरीला लोकांनी आग लावली. बाहेरच्यांना वाटतं भांडण चार शिलिंगांचं असेल. पण वाटा वाढला म्हणजे झोप कमी होणार, हे डेकवरच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको होतं. पुढे १९०६ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला आणि खलाशांनाही लागू झाला. त्यात एक कलम असं, की मासेमारी बोटीवर ज्याला मोबदला वाट्यात मिळतो त्याला हा कायदा लागू नाही. कागदोपत्री तो भागीदार ठरला! नफ्यातलाही आणि बुडण्यातलाही.

आणि उत्तर समुद्रातले मासे रोडावत गेले तसे ट्रॉलर लांब गेले. १८९० च्या दशकापासून आइसलँड, मग नॉर्वे-रशियाच्या उत्तरेचा बॅरेंट्स समुद्र. शिडाची बोट तिथून ताजा मासा घेऊन वेळेत परतू शकली नसती. वाफेची परतत होती, म्हणून तिला हिवाळ्यातही तिकडे धाडत. तिथल्या थंडीत उडालेला प्रत्येक तुषार डोलकाठीवर, दोरांवर, कठड्यावर गोठतो. बोट वरून जड होत जाते. कुऱ्हाडी घेऊन बर्फ फोडत राहायचं. हात थांबले की बोट कलते आणि परत सरळ होत नाही. फेब्रुवारी १९२५ मध्ये आइसलँडच्या वायव्येला हाला नावाच्या मासेमारीच्या जागी अशाच वादळात दोन ट्रॉलर नाहीसे झाले, आइसलँडचा 'लेइवुर हेप्नी' आणि हलचा 'फील्ड मार्शल रॉबर्टसन'. दोघांवर मिळून ६८ माणसं होती. बरीचशी त्या चिमुकल्या देशातलीच.

आइसलँडचं मला म्हणून कौतुक वाटतं. त्यांच्याकडे वाफेचा ट्रॉलर उशिरा आला. पहिला 'कूट' त्यांनी १९०५ मध्ये जुना विकत घेतला, आणि १९०८ च्या डिसेंबरात दुसरी बोट ओढून आणताना दोर पंख्यात जाऊन तो खडकावर गेला. त्याचा बॉयलर हाफ्नारफ्योर्दुर गावात स्मारक म्हणून ठेवलाय. बॉयलरचं स्मारक करणारे लोक मला आपले वाटतात. पण मोठं काम त्यांनी १९२१ मध्ये केलं. ट्रॉलरवरच्या माणसाला चोवीस तासांत सहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असा कायदा केला. तोवर लोक दोन-दोन, तीन-तीन दिवस जागे राहून मासे चिरत होते. मालकांनी ओरड केली की धंदा बुडेल. धंदा बुडाला नाही, आणि १९२८ मध्ये सहाचे आठ तास झाले. त्याच वर्षी 'योन फोर्सेती' हा त्यांच्यासाठी नवा बांधलेला पहिला ट्रॉलर स्टाफ्नेसच्या खडकांवर फुटून पंधरा माणसं गेली. कायद्यानं खडक हटत नाहीत. पण झोपेसाठी संसदेत मतदान घ्यावं लागतं, यावरून इंजिनानं काय हिरावून घेतलं होतं ते कळतं.

पहिल्या महायुद्धाचं थोडक्यात सांगतो, कारण तो वेगळाच विषय आहे. जाळं ओढणारी बोट समुद्रात पेरलेले सुरुंगही ओढून काढू शकते, म्हणून नौदलानं शेकडो ट्रॉलर माणसांसकट घेतले. मागे मासेमारीसाठी राहिलेल्या ब्रिटिश बोटींपैकी ६७५ शत्रूनं बुडवल्या, त्यांवरची ४३४ माणसं गेली. नौदलात गेलेल्यांचा हिशोब निराळा.

"आपल्याकडे असले ट्रॉलर होते का?" होते, थोडे. १९०८-०९ मध्ये 'गोल्डन क्राउन'नं बंगालच्या उपसागरात शोध घेतला. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारनं 'विल्यम कॅरिक' हा वाफेचा ट्रॉलर मुंबईच्या समुद्रात चालवून पाहिला. धंदा म्हणून ते उभं राहिलं नाही, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. ग्रिम्सबीला धक्क्यापर्यंत रेल्वे होती, बर्फाचा कारखाना होता आणि गिरण्यांच्या प्रत्येक गावात तळलेला मासा विकणारी दुकानं होती. नुसता ट्रॉलर आणून काय होणार? स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत केंद्र सरकारचा 'मीना' नावाचा वाफेचा ट्रॉलर आला, आणि पुढे डिझेलचं राज्य सुरू झालं. ससून डॉकला आज ट्रॉलरच्या मागे टांगलेल्या दोन फळ्या दिसतात, त्या त्याच १८९० च्या दशकातल्या फळ्यांच्या वंशातल्या.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ती माशांच्या पैदाशीसाठी. उरलेल्या दहा महिन्यांत आपल्या ट्रॉलरवरचा खलाशी किती झोपतो, हेही लोक हल्ली मला विचारायला लागलेत. ते तुम्ही ससून डॉकवरच्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला विचारा, आणि मालक शेजारी उभा नसताना विचारा.