दिवाळीनंतरचं सरपण आणि वखारवाल्याचा काटा

घणसोली गावातल्या आमच्या घरात गॅस आहे, गीझर आहे, तरी मागच्या पडवीत धुराडं लावलेली चूल आहे आणि तांदळाच्या भाकऱ्या सासूबाई तिथेच भाजतात. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, भरणीत सुकट-मसाल्याबरोबर सरपणही आलंच. त्यांचे गुडघे धरल्यापासून ते काम माझ्याकडे आहे आणि मी ते दिवाळी झाली की लगेच काढते. मे महिन्यात घेतलेलं लाकूड वाळणार कधी? ११ जूनच्या आसपास पाऊस दारात असतो.

लाकूड कुठलं घ्यायचं याला फार डोकं लागत नाही. बाभूळ किंवा सुरूचं लाकूड मिळालं तर घ्यावं, निखारा टिकतो. आंबा चालतो, पण त्याला लवकर भुंगा लागतो. शेवगा, पांगारा, सावर फुकट दिलं तरी नको, भसकन पेटतं आणि राख होतं. खाडीतली तिवरं तोडायला बंदी आहे, त्या वाटेला जाऊ नये. अंगणातलं स्वतःचं झाड पाडायलासुद्धा शहरात १९७५च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

घोडं अडलं ते वखारीत. दाखवलेला ढीग झकास होता. टोकांना चिरा पडलेल्या, साल सुटलेली, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज. भाव ठरला, पैसे दिले. टेम्पो रिकामा व्हायला लागला तशी वरच्या थराखालून ओली बाभूळ निघाली. साल घट्ट, आवाज बद्द. फोन केला तर म्हणे, "ताई, वरून जरा दमट वाटतंय, आतून सुकंच आहे." उलट ऐकलंय कधी? वरून सुकं आणि आतून ओलं, हेच तर लाकडाचं असतं!

एक ओंडका रिक्षात घालून वखारीत नेला आणि त्याच्याच माणसाकडून मधोमध फोडून घेतला. आतली बाजू गार, बोट फिरवलं तर चिकट ओल. "गालाला लावून बघा," म्हटलं. नाही लावलं. "चार दिवस उन्हात टाका," एवढंच. चार दिवसांत पापड वाळतात. वर "वजन तर बरोबर भरलं ना?" हा प्रश्न. मला राग आला तो यावरच. लाकूड किलोवर विकतात. १०० किलो ओल्या बाभळीत ४० किलो पाणी असेल, तर चुलीत घालण्याजोगं होईपर्यंत ती जेमतेम ७५ किलो उरते, थोडं पाणी सुक्या लाकडातही राहतंच. मी २५ किलो पाण्याचे पैसे का द्यायचे? हा हिशेब त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवला. माल परत घेतला नाहीच. शेवटी ओल्या मालाचा भाव पाडून दिला, तोही गिऱ्हाईकं ऐकायला लागली तेव्हा. अजून आठवलं की डोकं फिरतं. तेव्हा टेम्पो भरताना समोर उभं राहा.

ओलं आलंच तर ताबडतोब फोडा. बाभूळ ओली असताना फुटते, वाळली की कुऱ्हाड उडते. मनगटाएवढे तुकडे करा, अख्खा ओंडका सालीआड पाणी धरून बसतो. विटांवर रचा, मातीवर ठेवलं तर वाळवी लागलीच समजा. भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. वरून पत्रा टाका आणि बाजू मोकळ्या ठेवा. शेजारच्या काकांनी प्रेमाने सगळी रास ताडपत्रीत गुंडाळून दिली होती. आत घाम धरून बुरशी आली असती, म्हणून मी ती हळूच सोडून टाकली.

वाळलं हे कसं कळतं? एका तुकड्यावर खडूने खूण करून ठेवली आणि बॅगा तोलायच्या हातकाट्यावर अधूनमधून तोलत राहिले. वजन उतरायचं थांबलं की झालं. घरातले हसले, पण होळीनंतर पहिल्यांदा चूल पेटवली तेव्हा ना टोकातून फेस, ना चरचर, ना डोळ्यांना धूर. ओलं जाळलं की धुराड्यात डांबरासारखा काळा थर बसतो, तो खरवडायचं कामही माझ्याचकडे असतं.

पावसाळ्यात बाहेरच्या राशीला पुन्हा दमटपणा येतो. म्हणून लागेल तेवढं आदल्या दिवशीच चुलीजवळ, पण ठिणगी पोचणार नाही इतकं लांब आणून ठेवावं.

ढलप्यांचं राहिलंच. एमआयडीसीतून पॅकिंगच्या फळ्या स्वस्तात मिळतात, पेटवणाला छान. शिक्का बघून घ्या. 'एचटी' म्हणजे तापवून घेतलेलं लाकूड, ते चालतं. 'एमबी' असेल तर विषारी धुरी दिलेली असते, ते नको. रंगवलेलं आणि प्लायवूडही नको, भाकरी त्याच आगीवर भाजायची आहे.