स्क्रॅबल स्पर्धेची डिक्शनरी कोणती? हे कळेपर्यंतचा माझा अनुभव

स्क्रॅबलसारख्या, अक्षरांच्या टाइल पटावर मांडून शब्द जुळवायच्या इंग्रजी खेळांच्या स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते. फी भरण्याआधी विचारा, की शब्द कोणत्या यादीतून ग्राह्य धरणार? आणि उत्तर लेखी घ्या. बाकीची तयारी घरी कूलरसमोर बसून होते. हे एक उत्तर मिळवायला मात्र मला नागपूरच्या मे महिन्यात हेलपाटे घालावे लागले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

स्पर्धा शहरातल्या एका क्लबाची होती. फॉर्मवर नाव, वय, मोबाइल, टी-शर्टचा साइजसुद्धा होता. शब्दयादीचा उल्लेख कुठेच नाही. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "कोणतीही चालते ना ताई. इंग्लिश तर इंग्लिशच असते."

नाही चालत. क्यू-आय हा दोन अक्षरांचा शब्द घ्या. कॉलिन्स या डिक्शनरीवाल्यांच्या स्क्रॅबल यादीत तो आहे, अमेरिकेतल्या खेळाडूंच्या यादीतही आहे. पण नेटवर फुकट मिळणारी एनेबल नावाची जुनी यादी उघडा, तिच्यात तो नाही. झेड-ओ कॉलिन्सला मान्य, अमेरिकेत अमान्य. शाळेतल्या छोट्या डिक्शनरीत तर दोन्ही मिळायची आशाच सोडा. आणि हा किरकोळ मामला नाही. क्यूची टाइल शंभरात एकच, तिचे गुण दहा. ती अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या चौकोनात ठेवून आडवा-उभा दोन्हीकडे क्यू-आय जुळवला, तर एका चालीत 62 गुण होतात. परीक्षकाच्या हातात चुकीचं पुस्तक असेल तर तेच शून्य.

मी फोन केला. "सरांशी बोला." सर दोन वाजता भेटतात म्हणून डोक्याला स्कार्फ गुंडाळून शंकर नगर चौकातून मेट्रो धरली, स्टेशनपासून पुढे पायी गेले, तर सर जेवायला गेलेले. थांबले. पंख्याखालच्या एकमेव खुर्चीवर टी-शर्टचे खोके ठेवलेले होते. सर आले आणि म्हणाले, "ग्रुपवर टाकतो." ग्रुपवर रोज सुप्रभात यायचं, पार्किंगची सूचना आली, टी-शर्टचा रंगही आला. यादीचं नाव काही येईना. पुन्हा विचारलं तर उत्तर आलं, "ऑक्सफर्ड." कोणती ऑक्सफर्ड? पॉकेट की कन्साइज? आणि साध्या डिक्शनरीत रूपं कशी शोधणार? तिथे मूळ शब्द असतो, त्याची अनेकवचनं, क्रियापदांची सगळी रूपं सुटी छापलेली नसतात. खेळात भांडणं त्यावरूनच होतात. मी हे सगळं नीट लिहून पाठवलं. त्यावर अंगठा आला. पुढच्या खेपेला सांगितलं, "त्या दिवशी परीक्षक ठरवतील."

म्हणजे परीक्षा आधी आणि अभ्यासक्रम नंतर! पैसे घेऊन स्पर्धा भरवणाऱ्याला एवढं साधं कळू नये, याचा मला मनापासून संताप आला. तिथे शाळकरी मुलंही नाव घालत होती. त्यांनी पाठ काय करायचं?

या सगळ्या काळात घरी माझं शब्द शोधणं चालूच होतं. एनेबलमध्ये 1 लाख 72 हजारांवर शब्द आहेत. यादी कॉलिन्सपेक्षा तोकडी असली तरी सरावाला उत्तम. ती एक्सेलच्या एका कॉलममध्ये टाकायची, फिल्टर लावायचा आणि दोन अटी घालायच्या: शब्दात ‘क्यू’ असावा, आणि ‘क्यू-यू’ ही जोडी नसावी. एवढी मोठी यादी क्षणात मूठभर शब्दांवर येते. त्या मुठीत मला एफ-ए-क्यू-आय-आर दिसला. फकीर! कॉलिन्समध्ये तर नकाब, तलाक, बुरखा, सात अक्षरांची कव्वालीसुद्धा क्यूने लिहिलेली सापडते. आपल्या माणसाला हे शब्द घोकावे लागत नाहीत, कानावर आहेतच. फक्त ‘क’ ऐकला की ‘के’बरोबर ‘क्यू’ही करून बघायची सवय लावायची. पुरी, पनीर, रायता, सतार, लाख हेही सगळे चालतात. ही आपली जमेची बाजू आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो.

अक्षरं कुठल्या जागी आहेत हे माहीत असेल तर शब्द शोधायला वनलुक साइट बरी. माहीत नसलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकायचं. भाचा वर्डल खेळतो, म्हणजे सहा संधींत पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ, त्याला हीच युक्ती दिली. आय-जी-एच-टी हा शेवट कळला आणि पहिलंच अक्षर राहिलं, तर लाइट, नाइट, राइट, फाइट, साइट, माइट, टाइट असे एकेक करत सहाही संधी जातात. त्यापेक्षा एल, एन, आर, एफ यांतली जास्तीत जास्त अक्षरं एकत्र असलेला भलताच शब्द मध्ये टाकायचा. त्या खेळात हार्ड मोड, म्हणजे कळलेली अक्षरं पुढच्या प्रत्येक शब्दात वापरायची सक्ती, लावला असेल तर मात्र हे करता येत नाही.

तर क्लब. शेवटी मी सरांना सोडलं आणि थेट परीक्षकांना गाठलं. वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांना ‘कोणती डिक्शनरी’ असं विचारलंच नाही. लॅपटॉप उघडून क्यू-आय दाखवला, एका यादीत आहे, दुसरीत नाही, आणि म्हटलं, "सर, मी हा लावला आणि समोरच्याने चॅलेंज केलं, म्हणजे असा शब्दच नाही म्हणून आक्षेप घेतला, तर तुम्ही काय उघडून बघाल?" ते क्षणभर थांबले. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." नियमांच्या कागदावर पेनाने लिहिलं, ‘कॉलिन्स, मोबाइलवर तपासणी’, आणि खाली सही केली. त्या कागदाचा फोटो मीच ग्रुपवर टाकला. इतक्या दिवसांचं अडलेलं काम पाच मिनिटांत झालं.

तेव्हा प्रश्न असाच विचारा, शब्द समोर ठेवून. आणि त्याच बैठकीत चॅलेंज चुकलं तर काय, तेही ठरवून घ्या. कुठे चाल जाते, कुठे फक्त गुण द्यावे लागतात, कुठे काहीच होत नाही. माझ्या दुसऱ्या डावात हे कामी आलं. मी फकीर लावला, समोरच्या मुलाने लगेच हात वर केला, परीक्षकांनी मोबाइल बघून "मान्य" म्हटलं. फार बरं वाटलं.

सांगायचं राहिलं. कॉलिन्सच्या साइटवर शब्द तपासायची सोय फुकट आहे, यादी ठरली की तिथेच सराव करा. सात अक्षरं हातात आली की ती आधी वर्णानुक्रमे लावा. ए-ई-आय-एन-आर-एस-टी असा गठ्ठा दिसला तर त्यातून रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टिअर असे पूर्ण सात अक्षरांचे शब्द निघतात आणि सगळ्या टाइल एकदम लागल्याचे 50 गुण जास्तीचे मिळतात. एसच्या टाइल चारच असतात, दोन-तीन गुणांसाठी ती खर्च करू नका. आणि व्ही असलेला दोन अक्षरांचा शब्द कॉलिन्समध्ये एकही नाही, तो शोधत वेळ घालवू नका.