तापाने नेलेले केस आणि बामाच्या वासाचं तेल

टायफॉइड झाला सप्टेंबरात. दिवाळीला मी ठणठणीत होते, अनारसेसुद्धा तळले. आणि डिसेंबरात केस जायला लागले. न्हाणीतल्या जाळीवर रोज लिंबाएवढा गुंता. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता केस मागे सारले की चार-पाच बोटांना चिकटून यायचे. भांग एवढा रुंद झाला की फोटोत आधी तोच दिसायचा.

लातुरात केस गळाले की दोष पाण्याला. शेजारच्या काकूंनी निकाल देऊन टाकला, "बोअरचं पाणी भोवायलंय तुला." आमचं पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही, ते खरं. पण २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी डोकं धुतलं होतं. तेव्हा तर वेणी मनगटाएवढी होती.

मग मोबाइल. जिकडेतिकडे केसांसाठी रोझमेरी नावाच्या झाडाचं तेल. बाजारातल्या एका दुकानातून १२० रुपयांची बाटली आणली. वास छान, अगदी अत्तरासारखा. महिनाभर लावली. एकदा बाटली जुन्या वर्तमानपत्रावर कलंडली आणि भला मोठा पारदर्शक डाग पडला. दुसऱ्या दिवशीही तो तसाच, तेलकट. रोझमेरीचं खरं तेल पानांच्या वाफेतून काढतात, ते उडून जातं. कागदावर तुपासारखा डाग ठेवत नाही. म्हणजे महिनाभर मी कसलंसं साधं तेल सेंट घालून चोळत होते.

दुसरी बाटली लेबल वाचून घेतली. काळपट काच आणि वर झाडाचं शास्त्रीय नाव, रोझमॅरिनस ऑफिसिनॅलिस. (आता या झाडाला साल्व्हिया रोझमॅरिनस म्हणतात. तुळस-पुदिन्याच्या कुळातलंच, मूळचं भूमध्य समुद्राकडचं.) १५ मिलीला चौपट पैसे. एवढे पैसे मोजले म्हणून जास्तच उत्साह, थेट ड्रॉपरने भांगात थेंब सोडले. दहा मिनिटांत टाळू मिरची लागल्यासारखी पेटली. आत्याबाई दारात येऊन नाक उडवत म्हणाल्या, "अगं, डोक्याला बाम लावायलीस का काय?" त्यांचं नाक बरोबर होतं. या तेलात कापूर असतो, आणि निलगिरीला ज्याचा वास असतो तो सिनिओलही. दोन दिवस टाळू लाल होती.

तेव्हा कुठे त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी भांग बघितला, चार केस ओढून बघितले आणि विचारलं, "केस जायला लागायच्या आधी ताप आला होता का?" मोठ्या तापाने बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. दिवसाला ५० ते १०० केस तर कुणाचेही जातात, माझे त्याहून बरेच जात होते, एवढंच. रक्त तपासलं, लोह कमी निघालं. गोळ्या दिल्या. रोझमेरीचं विचारल्यावर त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, इराणमधल्या संशोधकांनी २०१५ साली हे तेल २ टक्के मिनॉक्सिडिल या केस वाढवायच्या औषधाच्या शेजारी ठेवून तपासलं होतं, दोन्हीकडे ५०-५० माणसं. तीन महिन्यांत कुणालाच फरक नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केस वाढले. "पण ते आनुवंशिक टकलासाठी. तुमचे केस तसेही परत येतील. लावायचं तर पातळ करून लावा."

पातळ म्हणजे ३० मिली साध्या तेलात १२ थेंब, साधारण २ टक्के. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. मी खोबरेलात मिसळलं. जानेवारीतली थंडी, सकाळी बाटलीत पांढरा गोळा. गरम करावं तर वास उडणार. मग घाण्याचं करडईचं तेल घेतलं. आमच्याकडे भाजीला तेच असतं, आणि कितीही थंडी पडो, ते गोठत नाही. बुधवारी आणि शनिवारी रात्री बोटांच्या पेरांनी चोळायचं, तासाभराने धुवायचं. मार्चपासून बाटली फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या शेजारी. उन्हाने-उष्णतेने हे तेल खराब होतं आणि मग जास्तच झोंबतं.

नणंदेने मागितलं तर दिलं नाही. तिला सातवा महिना आणि थोरल्याला फिट्स येतात. दोन्हीकडे हे तेल नको. चार दिवस रुसली.

एप्रिलपर्यंत काही नाही. मेमध्ये आरशासमोर उन्हात उभी होते, तर भांगाच्या दोन्ही कडांना बोटाच्या पेराएवढे केस, ताठ, झाडूच्या काड्यांसारखे. तेल लावून बसवले तरी बसेनात. हे कुणी आणले, तेलाने, लोहाच्या गोळ्यांनी की नुसत्या दिवसांनी, मला सांगता येणार नाही. डॉक्टरीणबाईंचं मत गोळ्या आणि दिवस यांच्या बाजूने आहे. माझंही.

बाटली मात्र संपत आली आहे. केसांमुळे नाही. आत्याबाई रात्री करडईच्या तेलातलं ते मिश्रण गुडघ्यांना चोळतात आणि मला सांगतात, "बाजारात गेलीस की ते बामाचं तेल आण गं, थोडी मोठी बाटली आण."